कोणता काळा?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून बाहेर पडताना नाकात थिनर शिरला. चिखल, डिझेल, क्रेटच्या तळाशी सडलेला टोमॅटो या सगळ्यांवर मात करणारा, पिकल्या केळ्यासारखा गोडसर आणि थेट डोक्यात जाणारा वास. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला एका शेडमध्ये काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली जीप उभी होती आणि तोंडाला रुमाल बांधलेला माणूस तिच्यावर गन फिरवत होता. मामांची फियाट घोडेगावच्या घरामागे पत्र्याखाली कोंबड्यांच्या ताब्यात आहे, तिचं काहीतरी करायला हवं, असं मी नुसतं म्हणत आले होते. त्या वासानं मला शेडमध्ये ओढलं.

"जुनी फियाट आहे. रंगवायची आहे. काळी."

मिस्त्रींनी रुमाल खाली केला. "काळी म्हंजे कोणती काळी, ताई?"

आरसी बुकात रंगाच्या रकान्यात एकच शब्द आहे, काळा. सरकारला तेवढा पुरतो. मिस्त्रींना पुरत नव्हता. त्यांनी रंगाच्या डब्यांची झाकणं आणून मांडली, त्यांवर नमुने मारलेले. शेडमध्ये सगळी सारखीच दिसत होती. मग त्यांनी ती उन्हात ठेवली. एकातून तपकिरी डोकावला, एकातून निळा, एक हिरवटपणाकडे झुकला आणि एकात चमकी होती. "हा लाल मारतो, हा निळा मारतो," ते म्हणाले. चमकीच्या झाकणाबद्दल मी ऐकूनच घेतलं नाही. काळ्या रंगात चमकी घालणाऱ्याला काळा रंग आवडत नसतो, हे माझं ठाम मत आहे.

मामा आंबेगाव तालुक्यातले. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या आधीपासून घोडेगावातच. इथल्या घराघरातून एक तरी माणूस मुंबईला जायचा. कुणी डबे पोचवायला, कुणी गिरणीत, कुणी माथाडीत. मामा ताडदेवच्या एका पारशी डॉक्टरांचे ड्रायव्हर झाले. गाडी 1968 ची फियाट 1100 डिलाइट, गिअर स्टिअरिंगपाशी, इंजिन 1089 सीसीचं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढली, आणि ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आपल्याच जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात आहे ते हेच, हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. जणू फियाट पुणे जिल्ह्याचीच पोर. डॉक्टर थकले, मुलं परदेशी गेली, तेव्हा गाडी मामांच्या नावावर झाली.

काळ्या फियाटीचा मुंबईत एकच त्रास. लोक हात करत. छत पिवळं नाही हे पावसात कुणाला दिसत नसे. एकदा तर एक बाई मागचं दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, "भायखळा." मामांनी त्यांना भायखळ्याला सोडलं, पैसे घेतले नाहीत, पण आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत म्हणे. टॅक्सीवाल्यांशी त्यांचं वैर नव्हतं, टॅक्सीच्या काळ्याशी होतं. तो ब्रशने मारलेला, पासिंगच्या आदल्या दिवशी ओढलेला काळा. टॅक्सीचा खालचा भाग काळा का, तर डाग दिसू नयेत म्हणून, अशी कथा सांगतात. ज्यानं ती पहिल्यांदा सांगितली त्यानं काळी गाडी कधी पुसलेली नसावी. काळ्यावर धूळ दिसते, पाण्याचे ठिपके दिसतात, मांजराचे पाय दिसतात, आणि पुसलं तर पुसल्याच्या रेघाही दिसतात. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे या फियाटचंच पुढचं रूप, मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. मामा असते तर त्यांना त्याचं सुतक आलं नसतं.

मला मात्र पुन्हापुन्हा माळशेज आठवतो. जुलै असावा. कल्याण-मुरबाड करून घाट चढताना आईला उलट्या सुरू झाल्या, म्हणून मामांनी गाडी कडेला घेतली. कड्यावरून पाणी कोसळत होतं, निम्मं रस्त्यावर, निम्मं टपावर. आई कठड्याशी वाकलेली आणि मामा तिकडे लक्ष न देता भिजत गाडीभोवती फिरत होते. एक चक्कर पूर्ण झाली. मग माझ्या खिडकीशी येऊन, जणू मीच विचारलं होतं अशा सुरात म्हणाले, "हा खरा काळा."

हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "पावसात समद्याच गाड्या काळ्या दिसत्यात." आणि त्यांनी कारणही सांगितलं. जुन्या रंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं असतं, त्यावरून उजेड विखुरतो आणि रंग राखाडी वाटतो. पाणी ते जाळं भरून काढतं. पृष्ठभाग सपाट झाला की विखुरणं थांबतं आणि खालचा काळा वर येतो. म्हणजे मामांना आवडला तो रंग नव्हता, रंगावरचं पाणी होतं. मला हे पटलं आणि आवडलं नाही.

हेन्री फोर्डचं नाव अशा वेळी कुणीतरी काढतंच. काळ्याखेरीज रंग नाही, हा त्याचा बाणा. खरं तर मॉडेल टी 1908 मध्ये आली तेव्हा ती हिरवी, लाल, राखाडी अशी मिळे. फक्त काळी झाली 1914 ते 1925 या काळात, कारण डांबराच्या जातीच्या अ‍ॅस्फाल्टपासून केलेलं भट्टीत भाजायचं काळं रोगण स्वस्त होतं आणि टिकाऊ होतं. मग ड्यूपॉन्टचा ड्यूको आला, नायट्रोसेल्युलोजचा. दिवसांचं वाळणं तासांवर आलं आणि रंगीत गाड्यांचा सुकाळ झाला. आमच्याकडे अजूनही "ड्यूको मारून घ्या" म्हणतात. फोर्डचा काळा शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबातून आला, आवडीतून नाही. पण मामांना हिशेब परवडत नव्हता तरी त्यांनी काळाच ठेवला, त्यामुळे फोर्ड इथे फारसा उपयोगी पडत नाही.

उपयोगी पडतं ते जुन्नर. पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता. आमच्या भागातल्या कागदी लोकांनी लगदा कुटून, घोटून केलेला तो कागद दफ्तरांत जाई, आणि त्यावर मोडी उमटे ती दिव्याच्या काजळीत डिंक खलून केलेल्या शाईनं. कापडात बांधलेले ते दफ्तरांचे रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आज सोडले तरी कागद पिवळा पडलेला असतो, अक्षर काळंच. गाडीच्या काळ्या रंगातही हीच वस्तू असते, कार्बन, फक्त कारखान्यात केलेला आणि कितीतरी बारीक. कण जितका बारीक तितका काळा गडद आणि निळसर. जाड कणांचा काळा तपकिरीकडे झुकतो. ऊन या कार्बनचं काही बिघडवत नाही. बिघडतो तो त्याला धरून ठेवणारा राळेचा थर. गाडी उन्हात करडी पडते तेव्हा काळा उडालेला नसतो, त्याची पकड सुटलेली असते.

गाडी शेडमध्ये आणली. मिस्त्रींनी आधी रंगाला हातच लावला नाही, बोनेटवरून तळहात फिरवत राहिले. पांढऱ्या गाडीचा पोचा वर्षभर कळत नाही. काळ्या दारात ट्यूबलाइट सरळ दिसली पाहिजे, ती जिथे वाकडी होते तिथे पत्रा पुन्हा ठोकायचा, लांबी भरायची, पेपर मारायचा. काही वर्षांपूर्वी एका जर्मन कंपनीनं जवळजवळ सगळा उजेड गिळणाऱ्या काळ्यात एक गाडी रंगवून प्रदर्शनात मांडली होती. तिचे उंचवटे, कडा काहीच दिसेना, नुसतं गाडीच्या आकाराचं भोक. गाडीला हवा असलेला काळा तो नव्हे. त्यात आभाळ दिसलं पाहिजे आणि बघणाऱ्याचं तोंडही.

मग वाद झाला क्लिअर कोटवरून. हल्ली सगळे बेस मारतात, वर पारदर्शक थर चढवतात. चकाकी वर्षानुवर्षं राहते, हात लावावा लागत नाही. माझा राग त्याच्यावरच आहे. विंटेज रॅलीत अशा गाड्या येतात, काचेच्या कपाटात ठेवल्यासारख्या, आणि त्यांचे मालक हातमोजे घालून दार उघडतात. जुन्या पद्धतीत रंगच सर्वांत वरचा थर असे. पॉलिश केलं की फडकं काळं व्हायचं. मामांच्या खुंटीला तसं फडकं कायम असायचं, मामी ते चुकूनही इतर कपड्यांत भिजवत नसत. थोडा थोडा रंग दर रविवारी त्या फडक्यावर जायचा, म्हणजे गाडी पुसणं हे तिला झिजवणंही होतं. मला ती झीज हवी आहे. मिस्त्री म्हणाले, "मग जपायला लागंल." तेच तर.

मामेभावाचं म्हणणं वेगळं. लाल आणि पांढरी करू, लग्नांना भाड्यानं देऊ, ओतूर-आळेफाट्याच्या मंगल कार्यालयांत मागणी आहे. त्याला मी 2021 चा नियम वाचून दाखवला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला वीस हजार रुपये भरून विंटेज नोंदणी मिळते, आधी नोंद नसेल तर 'व्हीए' अक्षरांची पाटी लागते, पण अशी गाडी धंद्याला लावता येत नाही. तो म्हणाला, "मग तूच भर वीस हजार." भरते म्हटलं.

एवढ्यावर निळ्याचा प्रश्न सुटला नाही. रंगारी काळ्यात निळ्याचा एक थेंब टाकतात, तपकिरी झाक मरावी म्हणून, आणि मिस्त्रींचाही तोच आग्रह होता. मला मामांचे शेवटचे दिवस आठवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. निळा सदरा ते काळा समजून बाजूला ठेवत, पिवळट भिंगातून निळा पोचतच नाही. ऑपरेशन करून घरी आले, पट्टी निघाली, आणि ओसरीतून गाडीकडे बघून त्यांनी विचारलं, "ही निळी कधी केली?" कुणी केली नव्हती. मधल्या एखाद्या रंगकामात पडलेला थेंब तिथे होताच, ते वर्षानुवर्षं काळा म्हणून पुसत आले होते. नंतर ते गाडीजवळ गेले, बोटानं एक रेघ ओढली, पुढे काही बोलले नाहीत. मग माळशेजमध्ये त्यांनी कोणता काळा पाहिला? तेव्हा भिंग स्वच्छ होतं की पिकायला लागलं होतं? मामींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना गाडीशिवाय काय दिसत होतं?" उत्तर म्हणून ते काही वाईट नाही.

शेवटी निकाल डॅशबोर्डखाली लागला. हातकप्पा काढल्यावर मागे तळहाताएवढा पत्रा सापडला, ज्याला ऊन, पॉलिश आणि नंतरचा कुठलाच हात लागला नव्हता. झाकणं शेजारी धरली. निळा नाहीच. किंचित तपकिरीकडे झुकणारा, आजच्या मानानं साधा काळा.

तोच ठरला. हार्डनर मिसळून मारायचा टू-के रंग, एकच थर, वर क्लिअर नाही, चमकी नाही, निळा थेंब नाही. काम दिवाळीनंतर, कारण आमच्याकडच्या दमट हवेत ताज्या रंगावर दुधी झाक चढते. तुमच्याकडे पत्र्याखाली अशी एखादी जुनी काळी गाडी असेल, तर पेपर मारायला सुरुवात होण्याआधी हातकप्प्यामागे आणि डिकीच्या अस्तराखाली बघा. मूळ रंग सापडला तर त्यावर चिकटपट्टी लावा, आणि तेवढा तुकडा कुणालाही रंगवू देऊ नका.