धुराची दिशा

वकिलाच्या विद्येचा त्याच्या घरच्यांस फारसा उपयोग होत नाही, आणि झालाच तर तो भांडणापुरता होतो. गेल्या माघात पाळीच्या मूळ घरून काकींचा निरोप आला, तेव्हा आम्ही हेच मनाशी म्हटले. त्यांचा धाकटा मुलगा अनेक वर्षे जहाजांवर आचारी होता. तो कायमचा घरी परतला होता आणि येताना एक जड, अंडाकृती भट्टी घेऊन आला होता. जहाजावरचे त्याचे दोन ख्रिस्ती सोबती सासष्टीहून भेटीस यायचे होते. त्यांच्यासाठी डुकराच्या खांद्याचे चार मोठे तुकडे त्याला रात्रभर धुरावर शिजवायचे होते. आई नको म्हणाली, मुलगा वाटणीची भाषा बोलू लागला, आणि निवाड्यासाठी आम्हांस बोलावणे आले.

वाटेत आम्ही कायदा जुळवीत होतो. सामाईक अंगणात सहहिस्सेदाराचा हक्क किती? 16 डिसेंबर 1880 च्या हुकूमनाम्याने गोव्यातील हिंदूंचे काही रीतिरिवाज राखले खरे. पण अंगणातल्या धुराविषयी त्यात अक्षर नाही. पोहोचलो तो मायलेकरे एकमेकांशी बोलत नव्हती. बांधून नेलेला आमचा युक्तिवाद तसाच बांधलेला राहिला.

भट्टी घराच्या पूर्वेस मांडली होती. मुलाने आम्हांस ती मोठ्या हौसेने दाखविली. जपानी भाषेत कामादो म्हणजे चूल; दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी अशा भट्ट्या मायदेशी नेल्या आणि तेथे त्यांचा प्रसार झाला. भाजलेल्या मातीची जाड भिंत उष्णता धरून ठेवते. खालची आणि वरची झडप बोटभर उघडी ठेवली की थोड्याशा कोळशावर 110 अंशांचा मंद ताव रात्रभर टिकतो. मांस 70 अंशांच्या आसपास आले की तासन्‌तास तेथेच अडते, कारण अंगाला आलेला घाम आपल्याला गार करतो तसे बाहेर येणारे पाणी त्याला गार ठेवते. तेथे जो उतावळा होतो तो फसतो. पुढे 93 अंशांच्या सुमारास आतले चिवट तंतू विरघळतात आणि मांस हाडापासून आपोआप सुटते.

काकी ओट्यावरून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “वारें खंयच्यान येता तें पयलीं पळय.”

मुलगा म्हणाला, वारा पश्चिमेचा आहे, धूर घरापासून दूरच जाईल. काकींनी मान हलविली. दिवसाचा वारा समुद्राकडचा. रात्री तो फिरतो, घाटावरून उतरतो, आणि मग धूर तुळशीवरून थेट देवघरात येणार. साठ वर्षे त्या अंगणात पहाटे सडा घालणाऱ्या बाईचे हे ज्ञान होते. त्यांची तक्रार मांसाविषयी नव्हती, पाहुण्यांविषयी तर मुळीच नव्हती. देवघर कोठे आहे हे आपला मुलगा विसरला, एवढेच त्यांना लागले होते. आणि आपल्याला घरात परके ठरविले जात आहे, असे त्याला वाटले होते.

तो क्षणभर गप्प राहिला. मग आम्ही चौघांनी ती भट्टी उचलून घराच्या पश्चिमेस, कुळागराच्या कडेला नेली. पेरूचे सुके लाकूड निखाऱ्यांवर पडताच दाट धूर उठला. काकी दुरूनच म्हणाल्या, “धुंवर धवो आसा मेरेन वयर कितेंच दवरचें न्हय.” आम्ही आचाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. तो हसून म्हणाला की जहाजावरही हेच शिकवितात: पांढरा धूर कडू, पातळ निळसर झाला की मगच मांस चढवावे. चुलीपुढे जन्म काढलेल्या काकींना ते शिकविण्याची गरज नव्हती.

रात्री वारा खरोखरच फिरला. धूर कुळागरातून खाली उतरून गेला. देवघरातल्या समईला त्याचा वासही लागला नाही. आम्ही पहाटेपर्यंत भट्टीपाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पाहुण्यांसाठी भात आणि सोलकढी काकींनी आपल्या हाताने करून कुळागराच्या कडेला पाठविली. आम्ही मांस खाल्ले नाही. तिकडे आग्रह झाला नाही, इकडे कोणी कारण विचारले नाही. हे अन्न माणूस खातो की नाही, यावरून स्पेन-पोर्तुगालात एके काळी धर्मन्यायालये त्याच्या श्रद्धेची झडती घेत. पुढे सासष्टीतली देवळे पडली आणि किती कुटुंबे आपले देव घेऊन नद्या ओलांडून गेली. पाळी नव्या काबिजादीतली, म्हणून आमचे देव जागेवर राहिले. त्याच सासष्टीचे दोन पाहुणे त्या दिवशी पाळीच्या घरात जेवले, आणि कोणाच्या पानात काय आहे याची झडती कोणी घेतली नाही.

वाटणीचा शब्द पुन्हा निघाला नाही. निघताना आम्ही काकींना म्हटले, निवाडा तर तुम्हीच केलात. त्या म्हणाल्या, निवाडा कसला, वारा पाहिला.