लाकडे बांधणाऱ्यांची नौका

'कॅटमरान' हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी जाहिरातीतच पाहिला असेल. निळेशार पाणी, पांढरीशुभ्र नौका आणि तिच्यावर पहुडलेली श्रीमंत माणसे, असे ते चित्र असते. हा शब्द मात्र श्रीमंतांचा नाही. तो आपल्याच देशातील तमिळ मच्छीमारांचा आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. पूर्व किनाऱ्यावरील गरीब कोळी चार-पाच ओंडके दोराने घट्ट बांधत आणि त्यावर बसून भर समुद्रात मासेमारीला जात. परत आले की दोर सोडून लाकडे वाळूवर वाळत घालत. विल्यम डॅम्पियर नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने सतराव्या शतकाच्या अखेरीस हा तराफा पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि शब्द इंग्रजीत गेला. पुढे पॅसिफिक बेटांवरील लोकांच्या जोडहोड्यांनाही हेच नाव चिकटले. १८७६ साली अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफ याने अशी जोडहोडी बांधून शर्यतीत उतरवली. ती इतकी वेगवान निघाली की पुढे अशा होड्यांना शर्यतीतच बंदी झाली!

अशा नौकेवर एक दिवस काढण्याचा योग मला अलीकडेच कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस या बेटावर आला. माझा भाचा परदेशी नोकरीला आहे. त्याने आणि त्याच्या मित्रांच्या कुटुंबांनी सुट्टीसाठी हे बेट निवडले. सोबत आपल्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या ताईला, आणि मला नेले. एका दिवसासाठी अख्खी नौका भाड्याने घेतली होती. तिचे भाडे ऐकून माझ्यातला कारकून दचकला. माझ्या तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढी ती रक्कम होती. बारा जणांत वाटणी झाली म्हणून जमले. माझा वाटा भाच्याने मला कळू न देताच भरला.

बार्बाडोस हे बेट आपल्या मुंबईपेक्षाही लहान. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आणि वस्ती तीन लाखांच्या आत. बहुतेक सर्व लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. सकाळी राजधानी ब्रिजटाऊनच्या बंदराकडे जाताना रस्त्याच्या कडेला लाकडी छोटी घरे दिसली. त्यांना तेथे 'चॅटल हाऊस' म्हणतात. चॅटल म्हणजे हलवता येणारी मालमत्ता. गुलामगिरी संपल्यावरही जमीन मळेवाल्यांचीच राहिली. मालकाने हुसकावले तर घर सोडवून गाडीवर घालून दुसरीकडे नेता यावे, म्हणून मजूर ही घरे पाया न घालता दगडांच्या ठोकळ्यांवर उभी करीत. हे ऐकून ताई म्हणाली, "अरे, म्हणजे आपल्या झोपडीसारखंच की! फक्त आपल्याला ती उचलून नेऊ देत नसत, मोडत असत."

बंदरावर नौकेत चढताना प्रथम सर्वांच्या चपला एका टोपलीत जमा झाल्या. लाकडी तक्तपोशीला ओरखडे पडू नयेत म्हणून तसा नियम असतो. मग दिवसभर गरीब-श्रीमंत सारे अनवाणी! नौकेवर कप्तान, दोन खलाशी आणि एक स्वयंपाकीण अशी चार माणसे होती. कप्तानाने आधी लाइफ जॅकेट कोठे आहेत ते दाखवले, पाण्यात कोणी एकट्याने उतरायचे नाही हे बजावले आणि मगच नांगर उचलला.

दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी ठेवून वर एकच रुंद तक्ता बसवावा, तशी ही रचना असते. रुंदीमुळे ती एका अंगावर फारशी कलत नाही. तळ उथळ असल्याने किनाऱ्याच्या बरीच जवळ जाते. पुढच्या बाजूला दोन्ही होड्यांच्या मध्ये मजबूत जाळे ताणलेले असते. त्यावर पालथे पडले की खाली पाणी पळताना दिसते. भाच्याची मुले दिवसभर तेथून हलली नाहीत. डोलकाठीवर शीड चढले, इंजिन बंद झाले आणि एकदम शांतता पसरली. तेथे वारा बहुधा पूर्वेकडून येतो. त्यामुळे अटलांटिककडील पूर्व किनारा खवळलेला आणि बेटाच्या आडोशाचा पश्चिम किनारा शांत, असे त्या बेटाचे दोन चेहरे आहेत. सहलीच्या नौका म्हणूनच पश्चिमेला फिरतात. पण हेच वारे शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेकडून गुलामांची जहाजेही घेऊन येत. शिडात भरलेला वारा तोच, हा विचार मनातून जाईना.

बंदरापासून जवळच केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचे मैदान आहे. २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक येथेच जिंकला. पण जुन्या वाचकांना दुसरी आठवण असेल. १९६२ साली याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला जबर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वेळी रक्त द्यायला धावले ते वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेल. भारतीय खेळाडूंनीही रक्त दिले आणि कॉन्ट्रॅक्टर वाचले. वॉरेल हे याच बेटाचे सुपुत्र. वेस्ट इंडीजचे उत्तमोत्तम खेळाडू काळे असतानाही कप्तानपद गोऱ्यांकडेच ठेवण्याची रीत होती. १९६० साली संपूर्ण मालिकेसाठी नेमलेले पहिले कृष्णवर्णीय कप्तान म्हणजे वॉरेल. ज्यांना शतकानुशतके हीन मानले, त्यांच्यातील एकाचे रक्त आपल्या माणसाच्या अंगात गेले. रक्ताला ना वर्ण, ना देश, हे यापेक्षा चांगले कोणी सांगावे?

पहिला मुक्काम कार्लाइल उपसागरात झाला. येथे उथळ पाण्यात बुडालेली काही जहाजे आहेत आणि त्यांच्या सांगाड्यात प्रवाळ व रंगीत मासे नांदतात. डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासाची नळी लावून तरुण मंडळी पाण्यात उतरली. मी दांडी धरून शिडीच्या दोन पायऱ्या उतरलो आणि तेवढ्यावर समाधान मानले.

मग नौका उत्तरेकडे निघाली. हा किनारा महागड्या हॉटेलांसाठी आणि बंगल्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच किनाऱ्यावर होलटाऊन येथे १६२७ साली इंग्रज वसाहतवाले उतरले. १६४० नंतर ऊस आला आणि उसासाठी लाखो आफ्रिकी माणसे विकत आणली गेली. १६६१ साली येथील इंग्रजांनी गुलामांविषयी कायदा केला. माणसाला वस्तू ठरवणारा तो कायदा पुढे जमैका, दक्षिण कॅरोलिना अशा वसाहतींनी उचलला. १८१६ साली बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली बंड झाले, ते चिरडले गेले. १ ऑगस्ट १८३४ रोजी येथे गुलामगिरी कायद्याने संपली. तरी उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे बिनपगारी राबवून घेतले. खरी सुटका १८३८ साली झाली.

मी बी.कॉम. झालेला माणूस, जमाखर्च पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. या व्यवहारात ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कोणाला? गुलामांच्या मालकांना! गुलामांना एक पैसाही नाही. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटनच्या खजिन्याने २०१५ साली फेडून संपवले. ज्यांचे श्रम चोरले त्यांचे खाते कोरे आणि चोरणाऱ्याच्या खात्यावर जमा. असा ताळेबंद कोणत्या हिशेबतपासनीसाने मंजूर केला असता?

दुपारी पेन्स उपसागराजवळ समुद्री कासवे पाहायला नौका थांबली. पूर्वी येथे कासवे मारली जात. आता त्यांना मारायला बंदी आहे. आपल्या कोकणात वेळासला गावकरी कासवांची अंडी जपतात, त्याची आठवण झाली. आणि येथे जे घडले ते मी विसरणार नाही. माझी ताई दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झालेली. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात ती आयुष्यात उतरली नव्हती. ती म्हणाली, "मी वरूनच बघते." खलाशी मुलगा हसला. भाच्याने त्याचे बोलणे मराठीत सांगितले, "आई, तो म्हणतो, माझी आजी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहिली, पण तिला पोहता येत नव्हतं. दिवसभर उसाच्या रानात काम, समुद्राला वेळ कुठला? नातवानेच तिला म्हातारपणी पाण्यात नेलं." ताई थोडा वेळ गप्प बसली. मग साडीवर लाइफ जॅकेट घालायला निघाली, तेव्हा स्वयंपाकिणीने तिला आपला स्वच्छ झगा दिला. खलाशाने तिच्यासमोर तरंगते कडे धरले आणि आमची ताई साठीच्या उंबरठ्यावर कॅरिबियन समुद्रात उतरली! तिच्यापासून दोन हातांवरून एक भले मोठे कासव संथपणे निघून गेले. वर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "त्याला माझी भीती वाटली नाही, मग मला त्याची कशाला?"

जेवणात उडता मासा, भात, कडधान्य आणि भाजलेला नीरफणस होता. आपल्या कोकणात, गोव्यात मिळतो तोच. गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून हे झाड १७९३ साली पॅसिफिकमधून मुद्दाम कॅरिबियन बेटांवर आणले गेले. मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेले 'कुकू' उडत्या माशाबरोबर खाणे हे या देशाचे राष्ट्रीय जेवण आहे. गरिबाच्या ताटातला पदार्थ राष्ट्राने मानाने आपला म्हटला! उसापासून केलेली रमही नौकेवर होती. आम्ही भावंडांनी फळांचा रस घेतला.

जेवताना समोर एक टोलेजंग हॉटेल होते आणि त्याच्या पुढच्याच वाळूवर गावातली चार-पाच कुटुंबे डबे सोडून बसली होती. मुले पाण्यात डुंबत होती. मी कप्तानाला विचारले, "हॉटेलवाले यांना हाकलत नाहीत?" तो म्हणाला, "हाकलणार कसे? आमच्या देशात सर्व किनारे जनतेचे आहेत. हॉटेल वाळूपर्यंत, वाळू आमची. मात्र वाळूपर्यंत जायची वाट बुजणार नाही, यावर आम्हाला डोळा ठेवावा लागतो." पाण्यावरच्या हक्काची किंमत आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. हक्क कागदावर मिळतो, पण वाट मोकळी राहावी म्हणून रोज जागे राहावे लागते.

हे जागेपण त्या लोकांनी किंमत देऊन मिळवले आहे. १९३७ साली क्लेमेंट पेन या कामगार नेत्याला हद्दपार केल्यावर ब्रिजटाऊनमध्ये उठाव झाला, त्यात १४ जण गोळीबारात मेले. १९४१ साली कामगार संघटना उभी राहिली. १९६६ साली देश स्वतंत्र झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिजटाऊनच्या चौकातून इंग्रज नौसेनापती नेल्सनचा पुतळा उतरवला गेला आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी बार्बाडोस प्रजासत्ताक झाले. बुसा आणि क्लेमेंट पेन हे दोघेही आज तेथील अधिकृत राष्ट्रवीर आहेत.

परतताना कप्तान सुकाणू धरून बोलत होता. आजोबा ऊस तोडायचे, वडील मासेमारी करायचे, हा कप्तान झाला. मी विचारले, "नौका तुमची?" तो म्हणाला, "नाही, मालक वेगळा. पण परवाना माझा आहे, परीक्षा देऊन मिळवलेला. तो कोणी काढून घेऊ शकत नाही." तेवढ्यात मासेमारीच्या होड्या दिसल्या. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले. त्या दिवसांत आपल्या बातम्यांत विश्वविजेता भारतीय संघ हॉटेलात अडकल्याचेच सांगत होते. खास विमान गेले, संघ ४ जुलैला दिल्लीत आला, मिरवणूक निघाली, आपण सारे आनंदलो. पण त्याच वादळाच्या लाटांनी ब्रिजटाऊनच्या मच्छीमारांच्या कितीतरी होड्या बंदरातच एकमेकींवर आपटून फोडल्या, काही बुडवल्या. ही बातमी आपल्या घरी क्वचितच पोचली असेल. खेळाडूंना विमान मिळाले. होडी गेलेल्या माणसाला होडीच लागते.

उतरताना आम्ही चौघांशीही हात मिळवले. भाच्याने बक्षिसी दिली, ती त्यांनी आमच्यासमोरच चौघांत सारखी वाटली. कप्तानाला जास्त नाही, स्वयंपाकिणीला कमी नाही. टोपलीतून चपला शोधताना ताईने स्वयंपाकिणीचा धुऊन पिळलेला झगा घडी करून तिच्या हातात दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बोलणे चालले होते.

आपल्या मुलांना जाहिरातीत अशी पांढरी नौका दिसेल, तेव्हा पालकांनी त्यांना या शब्दाचा अर्थ जरूर सांगावा. ओंडके बांधणारे हात कोणाचे होते आणि आज शीड ओढणारे हात कोणाचे आहेत, हे त्यांना कळू द्यावे. आणि जवळपास शिकवण्याची सोय असेल तर मुलांना, विशेषतः मुलींना, पोहायला जरूर शिकवावे. ताईसारखे साठ वर्षे थांबण्याचे कारण नाही.