ॲनीचं देणं

‘इन विच ॲनी गिव्ह्ज इट दोज वन्स’ हा सिनेमा दूरदर्शननं १९८९ साली एका रात्री उशिरा दाखवला, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. भद्रावतीत तो त्या रात्री कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. पहिल्या पाळीला जाणारी माणसं आमच्याकडे दिवे लवकर मालवतात, मग ती ऑर्डनन्स फॅक्टरीतली असोत की माजरीच्या कोळसा खाणीतली. पण या सिनेमाचं आणि तो मला दाखवणाऱ्या माणसाचं देणं माझ्यावर आहे, आणि ते कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

गोष्ट १९७४ सालातली, दिल्लीच्या एका आर्किटेक्चर कॉलेजातली. आनंद ग्रोव्हर ऊर्फ ॲनी पाचव्या वर्षाला चौथ्यांदा बसला आहे. कधीकाळी त्यानं प्राचार्यांची टिंगल केली होती आणि ते ती विसरलेले नाहीत. पोरं या प्राचार्यांना यमदूत म्हणतात; रोशन सेठनं ते काम असं केलंय की आपल्याला आपलेच मास्तर आठवावेत. अर्जुन रैनाचा ॲनी हॉस्टेलच्या खोलीत कोंबड्या पाळतो, आपल्यातच असतो आणि देशाचा विचार करतो. खेड्यातली माणसं शहराकडे का धावतात, ती गावातच कशी राहतील, हा त्याचा ध्यास. त्यावर त्याचा उपाय असा: रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना फळझाडं लावायची. रोज सकाळी गावंच्या गावं तिथंच बसतात, म्हणजे खताची सोय झालेली आहे. पाण्यासाठी गाडीलाच फवारे बसवायचे. गाडी जाईल तशी झाडं भिजत जातील.

पटकथा अरुंधती रॉयची, दिग्दर्शन प्रदीप क्रिशनचं. रॉय स्वतः दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये शिकलेली, त्यामुळे त्या हॉस्टेलचा वास पडद्यावर येतो. राधाचं कामही तिनंच केलं आहे. कोपऱ्यातल्या एका छोट्या भूमिकेत शाहरुख खान दिसतो, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. सिनेमाला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यातला पटकथेचा पुरस्कार रॉयनं २०१५ साली परत केला.

फळझाडांच्या योजनेवर दिल्ली-मुंबईची पोरं पोट धरून हसली असतील. मी हसलो नाही. भद्रावतीच्या स्टेशनाचं नाव भांदक. वर्धा-बल्लारशा लाइनवरचं हे स्टेशन, दिल्ली-चेन्नईच्या हमरस्त्यावरचं. लहानपणी मामासोबत मी या लाइनीच्या कडेनं खूप चाललो आहे. मामा रेल्वेत कीमन होता. खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायचा. कोळशाचा रेक आला की आम्ही बाजूला उभे राहायचो. जमीन आधी पायाला कळवायची, मग आवाज यायचा. त्या वाटेवर गिट्टी संपते तिथं सीताफळाची झुडपं होती, बोरी होत्या, आणि मधूनच एखादं आंब्याचं रोप. मामा सांगायचा, हे कुणी लावलं नाही बाबू, खिडकीतून कोय फेकली कुणीतरी. आणि पहाटे डबा घेऊन माणसं कुठं बसायची, तेही मी रोज पाहत होतो. ॲनीच्या डोक्यातली योजना माझ्या डोळ्यांसमोर अर्धीमुर्धी उगवलेली होती.

हा सिनेमा मला भाऊनं दाखवला. भाऊ म्हणजे नागपूरच्या आर्किटेक्चर कॉलेजातला माझा सीनियर. आमच्या हॉस्टेलात बाकीच्या सीनियरांना सर म्हणायची पद्धत होती, यालाच तेवढं भाऊ म्हणत. धानोरा तालुक्यातल्या एका गावचा, गडचिरोलीच्याही पलीकडचा. घरची बोली गोंडी. मराठी शाळेत भेटली, इंग्रजी कॉलेजात येऊन आदळली. तो मेसला सगळे उठून गेल्यावर जायचा. गॅदरिंगला कधी दिसायचा नाही. डिझाइनच्या विषयात त्याचे बॅक साचत गेले होते, आणि जे शिक्षक ते पेपर पाहत त्यांना त्याची चित्रं समजत नव्हती. बांबूचे सांधे, पावळीचं पाणी, मोह वाळवायची जागा, असलं काहीतरी तो काढत बसायचा. पोरं म्हणायची, ‘हा काय करून राहिला बे खोलीत?’ उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. त्याच्याकडं जुना मॉनिटर होता म्हणून मी एका रात्री तिथं गेलो, एवढंच.

कॉपी फार वाईट होती. रंग उडालेले, ओठ आणि आवाज यांची गाठ नाही. भाऊ दर थोड्या वेळानं स्पेसबार दाबून चित्र थांबवायचा आणि पडद्यावरची पोरं काय बोलली ते सांगायचा. मी मराठी माध्यमाचा. वर्गात कुणी इंग्रजीत विचारलं की माझ्या घशाला कोरड पडायची. या सिनेमातलं इंग्रजी मात्र वेगळंच होतं. ती पोरं अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरत होती, चुकत होती, शिव्या देत होती, आणि त्यातच मोठमोठ्या गोष्टींवर वाद घालत होती. इंग्रजी असं अंगातल्या जुन्या सदऱ्यासारखं वापरता येतं हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. शहरात आलेल्या आमच्यासारख्या पोरांचा निम्मा जीव या एका भीतीपायी जातो. माझी ती भीती तिथं गळून पडली.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २००९ मध्ये, ‘थ्री इडियट्स’ आला. सगळं हॉस्टेल नागपूरच्या बर्डीला जाऊन पाहून आलं. मलाही आवडला, आजही लागला की बसतो. पण त्यातल्या रँचोला शेवटी चारशे पेटंट नावावर असलेला मोठा शास्त्रज्ञ व्हावं लागतं, तेव्हा कुठं त्याचं वेगळेपण लोकांना मान्य होतं. ॲनीला काहीच सिद्ध करावं लागत नाही. त्याची योजना कुठलं सरकार उचलत नाही, त्याच्या कोंबड्यांचं भलं होत नाही, तरी सिनेमा त्याच्यावर माया करतो. मित्र त्याची थट्टा करतात, त्याच्यावर वैतागतात, पण त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. जे पोरगं एकटं बसून विचार करतं, त्याला यशाची पावती मागू नये, हे मला त्या सिनेमानं शिकवलं. आमच्या गावात अशा पोराला वाया गेलेला म्हणतात. आई-बाप लग्नकार्यात त्याच्याबद्दल बोलणं टाळतात. हे मी जवळून पाहिलेलं आहे.

माझ्यावर ती पाळी दुसऱ्या वर्षाला आली. विषय राहिले, वर्ष गेलं. बाबा ऑर्डनन्समध्ये होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, घरी ये, इथं ठेकेदाराकडं काम लावून देतो. मी बॅग भरली. भाऊला हे कळल्यावर त्यानं मला काही सांगितलं नाही, नागपूर-चंद्रपूर एसटी धरली आणि मी घरी पोचायच्या आधी तोच आमच्या क्वार्टरच्या दारात उभा. चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस माझ्या बापाशी बोलायला एकटा आला होता. त्याला ते किती जड गेलं असेल, हे मला आत्ता आत्ता कळतंय.

आईनं पाटोडीचा रस्सा केला. भाऊ खाली मान घालून जेवला. मग बाबांना म्हणाला, ‘काका, पोट्टा हळू आहे, पण पाहाते बरोबर. घाई नका करू.’ बाबांनी विचारलं, ‘आणि तुमचं काय? तुमचेही बॅक आहेत म्हणते हा.’ भाऊ म्हणाला, ‘आहेत न काका. मी पण हळूच आहे.’

बाबा त्यावर काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते त्याला ग्रामोदय संघात घेऊन गेले. कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी माणसानं भद्रावतीत उभी केलेली ही संस्था. कुंभाराच्या हातातली कला त्याच्याच हातात राहावी, चांगली माती, चांगली भट्टी, चांगला भाव मिळून त्याला गाव सोडावं लागू नये, हा त्यामागचा विचार. मी लहानपणापासून तिथली मडकी पाहत आलो; तिथंही कुणी ॲनीचाच प्रश्न घेऊन बसलं होतं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. भाऊ एका चाकाजवळ उकिडवा बसला. कारागिराचे अंगठे मातीच्या गोळ्यात उतरले, काठ वर आला, पातळ झाला. भाऊ विचारत होता: ही माती कुठली, किती दिवस मुरवता, भेग कुठं पडते, पावसात काय करता? कारागीर काम न थांबवता सांगत होता. दोऱ्यानं मडकं चाकावरून कापलं, दुसरा गोळा ठेवला, बोलणं चालूच. बाबा आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात मापं तपासत आलेले. ते तिथं हाताची घडी घालून उभे होते, घड्याळ न बघता. परतताना मला म्हणाले, ‘जाय कॉलेजात. याच्यासंग राय.’

मी गेलो. त्यानंतरच्या वर्षी भाऊचा थिसिस होता. विषय त्यानं निवडला आठवडी बाजाराची शेड: बांबूची, मोह आणि हिरडा कोरडा राहील अशी, बायांना ओझं उतरवायला ओटा असलेली. त्याला सांगण्यात आलं, काहीतरी मोठं घ्या, मॉल घ्या, ऑडिटोरियम घ्या. तो बदलला नाही. आम्ही ज्युनियर पोरं त्याच्या खोलीत रात्री बसू लागलो. बुरडाकडून बांबू आणून मी कामट्या काढत होतो. पातं तिरपं लागलं की कामटी मधेच पळते, सरळ धरलं की पेरापर्यंत एका दमात जाते. दुसरा कुणी त्याचं इंग्रजी बसवून घेत होता. ज्यूरीत काय विचारतील ते आम्ही खोटे मास्तर होऊन विचारायचो. भाऊ पास झाला. मार्क सांगण्यासारखे नव्हते.

त्या सुमारास तो मला आपल्या भागात घेऊन गेला आणि येताना मेंढा (लेखा) गावात थांबवलं. देवाजी तोफांच्या या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. त्याआधी अनेक वर्षं मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी मिळून तिथं अभ्यासगट चालवत होते. गावातली माणसं एकत्र बसायची आणि एकेका प्रश्नाचा विचार करायची, निर्णय सगळ्यांच्या संमतीनं. घाई करायची नाही, कुणी एकटा विरोधात असेल तर त्याचं म्हणणं पुरतं ऐकायचं. पुढं एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडं आला, तेव्हा मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. पेपरात तेवढी बातमी मोठी झाली. मला मात्र बातमीआधीची वर्षं मोठी वाटतात. विचार करणारं एकटं माणूस आमच्या जिल्ह्यांत कमी नाही. त्याचं ऐकून घेणारी बैठक कमी आहे. भाऊ अशा बैठकीच्या शेजारी वाढला होता, म्हणून तो कॉलेजात मोडला नाही, असं माझं मत आहे. आमची ती रात्रीची खोली तशीच एक बैठक होती, फक्त आम्हाला तसं म्हणता येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रदीप क्रिशननं ‘इलेक्ट्रिक मून’नंतर सिनेमे सोडले आणि तो झाडांच्या मागं लागला. दिल्लीच्या झाडांवरचं त्याचं पुस्तक २००६ सालचं. मध्य भारतातल्या जंगली झाडांवरचं २०१३ सालचं. दुसरं माझ्या टेबलावर असतं. मोह, तेंदू, धावडा, बिजा, ऐन, सगळी आपलीच. ॲनीच्या तोंडची रुळाकडेची झाडं पडद्यावर आणणारा माणूस पुढं खरोखर झाडंच ओळखत हिंडला, जोधपूरच्या खडकाळ माळावर तिथलीच रानझाडं पुन्हा वाढवत बसला. मला यात फार आनंद वाटतो.

सिनेमाची चांगली प्रत कित्येक वर्षं मिळतच नव्हती. आता मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ती दुरुस्त केली आहे. मी भद्रावतीत छोटी ऑफिस-कम-खोली घेऊन नकाशे काढतो. दरवर्षी ओळखीच्या कॉलेजच्या पोरांना बोलावून हा सिनेमा दाखवतो, जे पोरगं शेवटी एकटं मागं राहतं त्याला चहा पाजतो आणि काय चाललंय ते विचारतो.

भाऊ गावी आहे. त्याची बाजाराची शेड कागदावरून जमिनीवर यायला आता सुरुवात झाली. बांबूला कीड लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवायचं, त्याची टाकी कुठं बांधायची यावर आमचा फोनवर वाद चालू आहे. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात जाऊन मी टाकीची मापं घेऊन आलो. त्याला ती मोठी वाटतात, मला बरोबर वाटतात. नकाशे मी करतोय. बाबा रिटायर झाले, पण रोज संध्याकाळी ते नकाशे उघडून बघतात, पावळीची मापं स्वतः तपासतात. या कामाचा एक पैसा घ्यायचा नाही, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं आहे.