टोचनवाल्याचा हिशेब

घासाघीस करण्यात मी पटाईत आहे, असा घरात माझा लौकिक आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मिरच्या घ्यायच्या असोत की चवथीला माटोळीचे सामान, सोबत मला नेतात. या लौकिकाचा मला थोडाफार अभिमानही होता. तो अनमोड घाटात एका रात्री कसा उतरला, ते सांगतो.

दोन-तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास मावसभावाचा फोन आला. खानापूरहून विटा घेऊन येणारा त्याचा ट्रक अनमोड उतरताना गटारात गेला होता. ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते, पण ट्रक डाव्या अंगावर कलला होता, अर्ध्या विटा रानात आणि मागे वाहनांची रांग. डिचोलीहून आम्ही दोघे माझ्या गाडीने निघालो.

हा ट्रक म्हणजे मूळचा खाणीवरचा टिपर. सहा चाकी, भरला की सोळा टनांच्या घरात जाणारा. खनिजाच्या तेजीत भावाने तो बँकेच्या कर्जावर घेतला होता. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद पडल्या. आता काही ठिकाणी नव्याने काम सुरू झाले आहे, पण मधल्या वर्षांत डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी टिपरांवर गवत उगवले. भावाने आपला टिपर विटा-रेतीला लावून कसाबसा जगवला होता. त्यामुळे गटारात कलंडलेला तो नुसता ट्रक नव्हता, घरातले कमावते माणूसच होते म्हणा ना!

मोले येथे एका गॅरेजवाल्याने क्रेनमालकाचा नंबर दिला. मालक फोनवर म्हणाला, "क्रेन पाठवतो. पैशांचे ड्रायव्हर जागेवर बघून सांगेल."

साडेअकराला क्रेन आली. जुन्या ट्रकच्या चासीवर मागे बूम बसवलेली, वर पिवळा दिवा फिरतोय. ड्रायव्हर पन्नाशीच्या आतबाहेरचा, सत्तरीचा. सोबत दोन पोरगे, मदतनीस. त्याने बॅटरी घेऊन ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून चाके बघितली आणि म्हणाला, "तीस हजार पडतील."

भावाचा चेहरा उतरला. मग मी पुढे झालो. माझे नेहमीचे सगळे डाव टाकले. एवढ्याशा कामाला तीस? दुसरी क्रेन बोलावू का? आम्हीही गोंयकारच आहोत, जरा विचार करून सांग. पाऊस कोसळत होता. तो काही वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "बावीस द्या, बाब. पुढे बोलू नका."

आठ हजार वाचवले! मी भावाकडे विजयी मुद्रेने बघितले.

मग काम सुरू झाले. ट्रक ओढायचा म्हणजे दोर बांधून खेचायचा, अशी माझी समजूत. हवेच्या ब्रेकची हवा गेली की मागची चाके आपोआप जखडतात. आधी क्रेनमधून पाइप जोडून ट्रकला हवा द्यायची, तेव्हा ती मोकळी होतात. कललेला ट्रक एकदम ओढला तर उलटतो, म्हणून एक तार वरून धरून ठेवायला आणि दुसरी खालून खेचायला. क्रेन स्वतःच घसरू नये म्हणून तिच्या चाकांना लाकडी ठोकळे. तार ताणली गेली की ती एखाद्या तंतुवाद्यासारखी आवाज करते. "तिथून बाजूला व्हा!" ड्रायव्हर पहिल्यांदाच ओरडला. मी तारेच्या रेषेत उभा होतो. तार तुटली तर माणूस कापते, हे त्याने नंतर सांगितले. दोघांतला लहान पोरगा कललेल्या ट्रकच्या खाली, चिखलात पालथा पडून साखळी अडकवत होता.

दोन वाजता ट्रक रस्त्यावर आला. मग प्रोपेलर शाफ्ट सोडवला. इंजिन बंद ठेवून तसाच ओढत नेला तर गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि आतला माल जळतो. असे टोचन करून वळण-वळण उतरत मोलेला पोचलो, तेव्हा चार वाजले होते.

चहाची टपरी उघडत होती. भाऊ ट्रकपाशी थांबला, मी ड्रायव्हरला चहाला घेऊन गेलो. बोलता बोलता कळले की तोही खाणीवरचाच. पिसुर्लेच्या बाजूला टिपर चालवायचा. तिथे खेपेवर पैसे. जितक्या खेपा तितकी कमाई, म्हणून टिपर पळायचे. खाणी बंद झाल्यावर दोन वर्षे मिळेल ते काम केले, मग क्रेनवर आला.

"इथे किती मिळतात?" मी सहज विचारले.

"पगार वीस हजार. रात्रीचा भत्ता वेगळा नाही. फोन मात्र रात्री बंद ठेवायचा नाही."

"आणि आजच्या बावीस हजारांतले?"

तो हसला. "मालकाला वीस द्यायचे. वर जे मिळेल ते आम्हा तिघांचे. माझे निम्मे, पोरांचे निम्मे."

मी पेला खाली ठेवला. हिशेब तोंडीच होता. तीस मिळाले असते तर वरचे दहा. त्याला पाच हजार, पोरांना अडीच-अडीच हजार. आता वरचे दोन. त्याला हजार, चिखलात पालथ्या पडलेल्या पोराला पाचशे. मालकाच्या वाट्याला माझ्या घासाघिशीने नखभरही धक्का लागला नव्हता. मी वाचवलेले आठ हजार अख्खेच्या अख्खे या तिघांच्या खिशातले होते.

"मग तुम्ही कमी का केलेत?"

"तुम्ही दुसरी क्रेन बोलावली असती तर? रिकामा परत गेलो तर डिझेल कुणाचे, म्हणून मालक विचारतो. आणि..." त्याने ट्रककडे बोट दाखवले, "टिपर खाणीवरचा. ओळखला मी."

मालकाला शिव्या घालणे सोपे आहे. पण क्रेन आठवडा-आठवडा उभी असते, हप्ता उभा राहत नाही. तारा, टायर, डिझेल त्याचेच. पावसाळ्यात चार कामे एकदम येतात, मार्चमध्ये एकही नाही. म्हणून तो आपला आकडा आधी पक्का करतो आणि बाजारातली सगळी अनिश्चिती ड्रायव्हरच्या पगारावरच्या कमाईत ढकलून देतो. पावसात भिजत भाव ठरवायला पुढे उभा असतो तोही ड्रायव्हरच. आपण समजतो, मालकाशी भांडतोय.

आणि विमा? भावाने बिल जोडले. मालवाहू वाहनाच्या नेहमीच्या पॉलिसीत अपघातानंतर वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याच्या खर्चाला मर्यादा असते अडीच हजार रुपयांची. २००२ च्या मोटार टॅरिफपासून चालत आलेला आकडा. जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढवून घेता येते. भावाने वाढवली नव्हती, कारण तसे विचारायचे असते हेच त्याला माहीत नव्हते. बावीसातले साडेएकोणीस हजार त्याच्याच अंगावर पडले. तुमच्या घरी मालवाहू गाडी असेल तर आजच पॉलिसी काढून तो आकडा बघा.

चहानंतरचे संभाषण मी भावाला परतताना सांगितले. बराच वेळ तो काही बोलला नाही. साखळी ओलांडल्यावर म्हणाला, "आठ हजार माझ्याकडेही नव्हते रे." तेही खरेच होते. दोघेही खाणीवरून उठलेले, दोघेही पावसात उभे, आणि मधे मी, माझा लौकिक घेऊन.

चवथीच्या आधी भावाने त्या ड्रायव्हरला शोधून तीन हजार दिले, तिघांसाठी म्हणून. मी काय दिले? काहीच नाही. घासाघीस माझी होती, पैसे त्याचे गेले. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण आहे ते असे आहे.

बाजारात मी अजूनही भाव करतो. फक्त रस्त्यावर कुणी अडल्या वेळी मदतीला आला, तर आकडा पाडण्याआधी एक प्रश्न विचारतो, "यात तुमचे किती?"