धनाची पेटी

त्या दिवशी पाऊस होता, असं मी म्हणतो. बायको म्हणते, खाटेवर ऊन येत होतं. माझा पाऊस अमरावतीतला असणार, कारण मी तिथंच होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, अकोल्याला. दवाखाना लेडी हार्डिंग. रजा मिळून, बडनेऱ्याला गाडी धरून पोचेतो मायलेकी घरी आल्या होत्या. वाटेत मूर्तिजापूर गेल्याचं आठवतं, पुढचं काहीच नाही.

बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा-शेपा. फडक्यातून एक मूठ बाहेर आलेली, अंगठा आत दुमडलेला. मी तेच बघत होतो, तेवढ्यात आजेसासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, जिवाले लावून नका घेऊ. पहिली बेटी, धनाची पेटी."

मी कुठं काय लावून घेतलं होतं?

मुलगा झाला की पेढे वाटून मोकळे होतात, समजूत घालावी लागत नाही. मुलगी झाली की बर्फी, आणि वर ही म्हण. त्यातही 'पहिली'. म्हणजे दुसऱ्या खेपेला मुलगाच हवा, ही अट आतच घालून ठेवलेली. दुसरीच्या नावानं पेटी मी तरी ऐकली नाही. आणि धन कसलं? वऱ्हाडात धन म्हणजे कापूस. तो घरात ठेवायला कुणी पिकवत नाही, गाडी भरून बाजारात जातो. लेकही जाते, वर घरातलं घेऊन जाते. मग पेटी भरते की रिकामी होते?

की ही म्हण बापासाठी नव्हतीच? बाजेवरच्या नातीला ऐकू जावं म्हणून म्हातारी माझ्याशी बोलली असेल. बाळंतिणीला कुणी टोचून बोलायच्या आत आपणच बोलून घ्यायचं, ही बायकांची जुनी हुशारी.

पुरुषाला बाळंतपणात दाराबाहेरचीच जागा. अमरावतीचं डफरीन काय, अकोल्याचं लेडी हार्डिंग काय, दवाखान्यांना नावं व्हाइसरॉयांच्या बायकांची. परक्या पुरुषापुढं बायका जात नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टरणी हव्यात, म्हणून लेडी डफरीननं 1885 मध्ये फंड काढला. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला होता, तो दहा दिवस जगला. त्या दहा दिवसांतलं आनंदीबाईंच्या नवऱ्याला, गोपाळरावांना काय आठवत असेल? त्यांच्या हट्टाच्या, तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. हे कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही.

मला आनंद झाला होता, हे मी आत्ताआत्तापर्यंत ठामपणे सांगत असे. हल्ली अडखळतो. बायको म्हणते, तोंड उतरलेलं होतं. मी म्हणतो, धुरानं डोळे चुरचुरत होते. आजेसासूबाईंना विचारलं असतं, त्या राहिल्या नाहीत. लेकीला तिच्या जन्माची गोष्ट तिची आईच सांगते, आणि त्या गोष्टीत मी तोंड पाडूनच आत येतो.