लघवी स्वच्छ होती, तरीही

अपघात म्हटला की आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळची ती बस आठवते. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर ती पेटली आणि २५ जण गेले. पण काही मार असे असतात की ना आग दिसते, ना रक्त. तसा एक मार आमच्या घराने पाहिला.

मेहकरच्या रस्त्यावर भाच्याची मोटरसायकल घसरली आणि तो कुशीवर दगडावर आपटला. जखम नव्हती, लघवीही स्वच्छ होती. "मामू, मला काही झालं नाही," म्हणत राहिला. पण दुखणे थांबेना, उलट्या झाल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी लगेच अकोल्याला पाठवले. तिथे शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन केला, तेव्हा कळले की डाव्या किडनीत रक्तच पोहोचत नव्हते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. किडनी चरबीच्या गादीत सैल बसलेली असते. वेगातले शरीर एकदम थांबले की ती पुढे झेपावते आणि तिची धमनी ताणली जाते. बाहेरचा थर ताण सोसतो, आतले अस्तर तडकते. तिथे गुठळी धरते आणि रक्त बंद होते. म्हणूनच अशा वेळी लघवी लाल होईलच असे नाही.

"मग ऑपरेशन करून नस जोडा ना!" आपा रडत म्हणाली. जोडता येते, डॉक्टर म्हणाले. खराब भाग काढून टोके शिवतात, कमी पडले तर पायाची शीर लावतात. कधी जांघेतून तार नेऊन स्टेंट बसवतात. पण रक्त पूर्ण बंद पडले तर किडनी साधारण चार ते सहा तासच तग धरते. आमचे तेवढे तास रस्त्यात आणि तपासण्यांत गेले होते. दुसरी किडनी चांगली असताना, वेळ टळून गेलेल्या किडनीसाठी जीव धोक्यात घालायचा नाही. रक्तस्राव थांबत नसेल, दोन्ही किडन्यांना मार असेल किंवा मुळात एकच किडनी असेल, तर गोष्ट वेगळी.

ऑपरेशन नाही म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले, असे व्हरांड्यातल्या बहुतेकांना वाटत होते. कोणी म्हणे नागपूरला न्या, कोणी म्हणे मुंबईला. शेवटी नानी बोलल्या, "अल्लाहने दोन दिल्या होत्या. राहिलेली अमानत सांभाळा."

अल्हम्दुलिल्लाह, मुलगा आज कामावर जातो. मात्र रक्ताविना राहिलेली किडनी पुढे रक्तदाब वाढवू शकते, म्हणून तो नियमित तपासतो. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही.

वाचकांना एवढेच सांगणे: कुशीला जोराचा मार लागला, तर लघवी स्वच्छ आहे म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचा. रस्त्यावर दुसऱ्याचे लेकरू पडलेले दिसले तरी थांबा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायदा मदत करणाऱ्याला संरक्षण देतो. अशा वेळी वाचवलेला एक तासही एखाद्या घराची अमानत राखू शकतो.