आमचा पहिला नाताळ

'नाताळ' हा शब्द आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे उच्चारतो की, तो समुद्रापलीकडून आला आहे याचे कोणास स्मरणही राहत नाही. पाव, चावी, बादली, पगार हे शब्द ज्या पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागले, त्यांतूनच हाही उतरला; आणि त्याचे मूळ शोधीत गेल्यास लॅटिनमधील जन्मवाचक शब्दापाशी आपण पोहोचतो. वसईच्या इतिहासाशी तर नाताळच्या दिवसांचा मौजेचा योग जुळून आला आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली तो तह २३ डिसेंबर १५३४ रोजी झाला, आणि दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला वसईचा तह झाला ३१ डिसेंबर १८०२ रोजी. या दोहोंच्या दरम्यान, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. किल्ल्यावरील निशाणे अशी बदलत गेली. परंतु वाड्यांतून पाणी शिंपीत राहणाऱ्या ख्रिस्ती कुणब्याच्या घरी नाताळ मात्र दरवर्षी येतच राहिला.

अशाच एका घरी आम्ही उभयतांनी २०२४ सालचा नाताळ साजरा केला. त्याची हकीकत शाळेच्या वार्षिकासाठी लिहून द्यावी, अशी आमच्या गुरुजनांची सूचना झाली, म्हणून हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. 'आम्ही' हा शब्द येथे केवळ लेखकी मानासाठी योजिलेला नाही, एवढे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

आम्हांपैकी एकाचा जन्म वसईचा. निर्मळ आणि गास यांच्या आसपासच्या एका गावी, सामवेदी ख्रिस्ती कुटुंबात. दुसरीचे बालपण अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, प्रॉटेस्टंट मंडळीत गेले. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ पासून चालत आले आहे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने तेथील मुले पाळण्यात असल्यापासून ऐकतात. एकाच्या घरी 'मिस्सा', 'फादर' आणि जपमाळ. दुसरीच्या घरी 'उपासना', 'पाळकसाहेब' आणि पेटी-तबल्यावरची भजने. दोघेही ख्रिस्ती, दोघेही मराठी. तथापि बाहेरून पाहणारास वाटते तेवढे हे अंतर अल्प नाही, हे लग्न ठरताना आम्हांस पुरते कळून चुकले होते. धर्मगुरूंची रीतसर अनुमती मिळाली. नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांस आगमनकाळ म्हणतात आणि त्यात लग्नाचा थाट न करण्याची कॅथॉलिक घरांतील जुनी चाल आहे; म्हणून नोव्हेंबरातच विवाह उरकला. त्यास महिना होतो न होतो तोच नाताळ येऊन ठेपला, आणि पहिला नाताळ सासरी करावयाचा, असे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरविले.

मुंबईहून निघालेली लोकलगाडी भाईंदर सोडून खाडीच्या पुलावर आली म्हणजे वसईकराचे मन गाडीपुढे धावू लागते. पूर्वी पुलापलीकडे मिठागरे आणि हिरवी झाडी दिसे. आता रुळांच्या दोन्ही बाजूंस इमारतींच्या रांगा दिसतात. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनेच बारा लाखांवर वस्ती मोजली होती. परंतु नालासोपाऱ्यास उतरून पश्चिमेच्या वाटेस लागले की, हळूहळू केळी, नारळ आणि पानवेली यांचे राज्य सुरू होते. "अजून आहे!" असे आमच्यातील वसईकर त्या वळणावर नकळत बोलून गेला. काय आहे, हे नगरकरणीने विचारले नाही. आपले गाव आपण सोडून गेलो तेव्हा होते तसेच भेटेल की नाही, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असतेच.

घरी पोहोचलो तो अंगणात कागदी चांदणी टांगली जात होती आणि ओसरीच्या कोपऱ्यात मुलांनी गोठा मांडावयास घेतला होता. माती, पेंढा, शेवाळ, वाटीत पेरून उगवून आणलेले गव्हाचे कोवळे अंकुर, आणि मधोमध रिकामी गव्हाण. बाळ येशूची मूर्ती चोवीस तारखेच्या मध्यरात्रीनंतरच तीत ठेवावयाची असते, तोवर कोणी कितीही हट्ट केला तरी चालत नाही. स्वयंपाकघरात आई, वहिनी आणि शेजारच्या दोघी जणी कलकल वळीत बसल्या होत्या. पिठाची लहानशी गोळी फणीच्या दातांवर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखी नक्षी उमटते. तळून झाल्यावर ती साखरेत घोळवितात. नव्या सुनेच्या हातची पहिली दहा-बारा कलकले उलगडली आणि कढईत त्यांच्या सरळ पट्ट्या झाल्या, तेव्हा जो हशा पिकला त्याने परकेपणाचा पहिला पडदा दूर झाला. शेजाऱ्यांकडे पाठवावयाची ताटे सजली, त्यांत आगाशीकडील सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेला मधासारखा गोड मेवा, आवर्जून ठेवण्यात आली. दिवाळीत ज्या हिंदू घरांतून फराळ आला होता, त्या प्रत्येक घरी नाताळचे ताट गेलेच पाहिजे, असा आजीचा दंडक आहे, आणि घरांची नावे तिला तोंडपाठ आहेत.

या आजीविषयी थोडे सांगितले पाहिजे. वयाची ऐंशी वर्षे तिने ओलांडली आहेत. सामवेदी स्त्रियांचे तांबडे लुगडे ती अद्यापि नेसते आणि घरात सामवेदी बोलीतच बोलते; ही बोली येथील सामवेदी ब्राह्मणांची आणि ख्रिस्त्यांची एकच. तिच्या बालपणी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. अर्थ कळत नसे, पण उत्तरे पाठ होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेस देवळात स्थान मिळाले आणि वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. त्याच परिषदेने १९६४ मध्ये इतर पंथांच्या ख्रिस्त्यांस बंधू म्हणून आदराने वागविण्याचा आदेश काढला. पण आदेश निघणे निराळे आणि आजीच्या मनाची खात्री पटणे निराळे! नातवाच्या लग्नास तिने विरोध केला नव्हता, फक्त एकदाच विचारले होते, "देवळात ती कुठे बसेल?" त्या वेळी या प्रश्नाचा अर्थ आम्हांस उमगला नव्हता.

तो चोवीस तारखेच्या रात्री उमगला. गावाचे देऊळ दिव्यांनी उजळले होते, आत पाऊल ठेवावयास जागा नव्हती, आणि गायकवृंदाची मराठी नाताळगीते बाहेरच्या मैदानापर्यंत ऐकू येत होती. आम्ही घरच्या मंडळींबरोबर एका बाकावर बसलो. आजी कडेस, तिच्या शेजारी आम्ही दोघे. वाचने झाली, फादरांचे प्रवचन झाले, सर्वांनी एकमेकांस शांती दिली. इथवर सर्व काही एकत्र चालले होते. मग ख्रिस्तप्रसादाची वेळ आली. कॅथॉलिक मंडळीचा नियम असा की, जे त्या मंडळीच्या पूर्ण ऐक्यात आहेत त्यांनीच सामान्यतः हा प्रसाद घ्यावयाचा. आणि कॅथॉलिकाने प्रॉटेस्टंट मंडळीच्या प्रभुभोजनात भाग घ्यावयाचा नाही, हेही त्याच नियमाचे दुसरे अंग. नियम आम्हांस ठाऊक होता, मान्यही होता. पण बाकामागून बाक रिकामा होत चालला, आमच्या रांगेतील मंडळी उठली, आणि 'आम्ही' हा शब्द अवघ्या महिन्याभरात प्रथमच दुभंगला. एक जण वेदीकडे गेला. दुसरी बसून राहिली.

जो गेला त्याची पावले जड झाली होती, आणि जी राहिली तिला, सगळे गाव आपणाकडेच पाहत आहे, असे वाटत होते. वस्तुतः कोणी पाहत असेल किंवा नसेलही. परंतु नव्या सुनेकडे गाव पाहतच असते, हे कोणत्याही गावच्या सुनेने सांगावे. आजीचे गुडघे धरलेले असल्यामुळे ती पुढे जात नाही. फादर प्रसाद घेऊन तिच्या बाकापाशी येतात. त्याप्रमाणे ते आले, आजीने प्रसाद घेतला, डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली, आणि डोळे न उघडताच शेजारी बसलेल्या नातसुनेचा हात आपल्या हातात घेतला. रांग संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

मिस्सा आटोपून सर्व जण मैदानात एकमेकांस शुभेच्छा देत होते, तेव्हा नात्यातील एका बाईने सहज म्हणून विचारले, "नवी नवरी उठली नाही का प्रसादाला?" आम्ही दोघेही उत्तरासाठी शब्द जुळवू लागलो. तेवढ्यात आजी म्हणाली, "माझ्यापाशी बसली होती." बस्स, एवढेच. त्यावर कोणास काही विचारावयाचे उरले नाही.

घरी आल्यावर बाळ येशूस गव्हाणीत ठेवण्याचा विधी झाला. प्रतिवर्षी यानंतर आजी प्रार्थना सांगते. या वर्षी तिने आपल्या बोलीत, नगरकडे अशा वेळी काय म्हणतात ते म्हणावे, असे सांगितले. पेटी नव्हती, तबला नव्हता. धाकट्या दिराने जेवणाच्या मेजावर ठेका धरला, आणि त्या ओसरीवर टिळकांचे भजन झाले. अभंगाचा छंद वारीमुळे मराठी कानांस इतका ओळखीचा आहे की, दुसऱ्या कडव्यापासून मुले साथ देऊ लागली. भजन संपल्यावर आजीने विचारले, "हा गाणारा कुठल्या देवळाचा?" उत्तर मिळाले, "आमच्याकडचा, आजी. नगरचा." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग, नव्या वर्षापूर्वी हे गाणे मुलांस शिकवून ठेव, असे तिने बजाविले आणि जेवणाची पाने मांडावयास सांगितले.

पुढील दिवसांत आमच्या मनात एक विचार वारंवार येत राहिला. फादर थॉमस स्टीफन्स हे जातीने इंग्रज, पंथाने जेझुइट. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. टिळक कोकणात जन्मलेले ब्राह्मण. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी प्रॉटेस्टंट मंडळीत राहून 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतले. एकाने ओवीचा आश्रय केला, दुसऱ्याने अभंगाचा. तीन शतकांचे अंतर आणि पंथांची भिंत मध्ये असूनही दोघे एकाच भाषेच्या अंगणात येऊन बसले. याच वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्यावाचून वसईचा तो पहिलाच नाताळ होता, आणि घरोघरी त्यांची आठवण निघत होती. वेदीपाशी जे अंतर उरते, ते भाषेने मिटत नाही. पण ते अंतर असतानाही एका बाकावर बसण्याइतकी जागा भाषा करून देते, असे आम्हांस वाटते.

आमचा प्रश्न सुटला, असे मात्र कोणी समजू नये. येत्या काळात नगरच्या देवळात प्रभुभोजनाची भाकर फिरेल तेव्हा आमच्यातील वसईकर बसून राहील. पुढे मुले झाली म्हणजे त्यांस कोणत्या वाटेने न्यावे, हा याहूनही कठीण प्रश्न उभा राहील. त्याविषयी आम्ही एकमेकांशी बोलतो, आणि प्रत्येक वेळी एकमत होतेच असे नाही. परंतु ज्याला उठता येत नाही त्याच्यापाशी कोणी तरी बसले पाहिजे, हा धडा आम्हांस एका निरक्षर वृद्धेने न बोलता घालून दिला, आणि तो दोन्ही मंडळींच्या नियमांत बसणारा आहे.

आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची आणि पंथांची मुले एका बाकावर बसतात. मधल्या सुट्टीत डबे उघडतात, तेव्हा कोण काय खातो आणि कोण काय खात नाही, हे प्रत्येकास माहीत असते, तरीही डबे एकत्रच उघडतात. विद्यार्थिमित्रांनो, मोठेपणी तुमच्या घरांत, तुमच्या गावांत असे प्रसंग येतील की, आपले माणूस एका क्षणी रांगेबाहेर राहील. त्या वेळी नियम मोडण्याची वा वाद घालण्याची गरज पडेलच असे नाही. पण शेजारची जागा रिकामी ठेवू नका. सर्वांस नाताळच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा!